खनिजांचा संग्रह विद्यापीठाला देऊन जायचाय? मग मृत्युपत्र सगळ्यात शेवटी

हे लिहायचं कारण एकच, बहुतेक संग्राहक हे काम उलट्या क्रमाने करतात. आधी वकिलाकडे जातात, मृत्युपत्रात एक वाक्य टाकतात की ‘माझा सगळा खनिजसंग्रह अमुक विद्यापीठाला द्यावा’, आणि झालं काम असं समजून निवांत होतात. विद्यापीठाला यातलं काहीच माहीत नसतं. मग एक दिवस तिथल्या क्युरेटरला, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या माणसाला, घरच्यांचा फोन जातो की एवढी एवढी कपाटं आहेत, कधी नेताय, आणि तिकडे ना जागा असते, ना माणूस, ना बजेट. विद्यापीठ सरळ नाही म्हणू शकतं, आणि म्हणतंही. हो म्हटलं तरी खोकी तळघरात जातात आणि वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही.

दुसरी चूक पैशाची. आपण नमुने फुकट दिले म्हणून ते विद्यापीठाला फुकट पडले असं नसतं. प्रत्येक नमुन्याला नोंद लागते, ड्रॉवरमध्ये जागा लागते, योग्य हवा, कुलूप, विमा आणि अधूनमधून उघडून बघणारा जाणकार माणूस लागतो, आणि हे सगळं कायमचं. त्यामुळे संग्रहासोबत त्याच्या देखभालीचा निधी ठेवणं हे या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात मोठं काम आहे आणि लोक नेमकं तेच सोडतात. खालचा क्रम शक्यतो मोडू नका. कायदे देशोदेशी वेगळे असतात, तेव्हा शेवटी वकील लागेलच, पण त्याच्यासमोर बसण्याआधी हातात काय काय तयार हवं ते इथे सांगतोय.

टप्पा १: कच्ची यादी, फक्त कच्ची

सुरुवातीलाच प्रत्येक दगडाचा सविस्तर कॅटलॉग करायला बसू नका, लोक तिथेच अडकतात आणि पुढचं काही होतच नाही. आधी ३-४ पानांचा गोषवारा काढा. एकूण नमुने अंदाजे किती, किती ड्रॉवर, साधारण आकार काय, कुठल्या भागातले जास्त, किती नमुन्यांना लेबल आहे आणि किती बिनलेबलचे, त्यातले खास कुठले. बंद पडलेल्या एखाद्या खाणीतला तुमच्याकडे ओळीने माल असेल तर ते ठळक लिहा, कारण त्या खाणीतून आता नवं काही येणार नसतं आणि संशोधकाला असा संच एखाद्या चकचकीत सुट्या क्रिस्टलपेक्षा कितीतरी उपयोगाचा असतो. प्रत्येक ड्रॉवरचा वरून एक फोटो काढून सोबत लावा.

तपासा: हा गोषवारा वाचून अनोळखी माणसाला ५ मिनिटांत कळतंय का की संग्रहात दम कुठे आहे? नसेल कळत तर पुन्हा लिहा.

टप्पा २: विद्यापीठाशी बोलणं

इथे कुणाशी बोलायचं यातच गोंधळ होतो. ओळखीच्या प्राध्यापकाने ‘अरे वा, द्या की’ म्हटलं म्हणजे विद्यापीठाने होकार दिला असं होत नाही. ते प्राध्यापक उद्या निवृत्त होतील, आणि तोंडी होकाराला पुढे कुणीच बांधील नसतं. तीन जणांशी बोलावं लागतं: संग्रहाचा क्युरेटर किंवा जो कोणी तो सांभाळतो तो, विभागप्रमुख, आणि देणग्या व कायद्याचं बघणारं ऑफिस. क्युरेटरला नमुने कळतात, ऑफिसला पैशाची भाषा कळते, आणि हे दोघं एकमेकांशी क्वचितच बोलतात, त्यामुळे दोघांना एकाच मीटिंगला बसवायचं काम तुम्हालाच करावं लागेल.

विचारायचे प्रश्न आधीच कागदावर लिहून न्या. तुमचं संग्रह-धोरण लेखी आहे का, असेल तर बघायला मिळेल का? आमच्यातलं काय तुम्हाला हवंय आणि काय नकोय? आत्ता या संग्रहाला पूर्णवेळ माणूस आहे का? मागच्या काही वर्षांत आलेल्या देणग्यांची नोंद पूर्ण झालीये की खोकी अजून बंद आहेत? हा शेवटचा प्रश्न विचारायला अवघड वाटतो पण जरूर विचारा, आणि जमलं तर स्टोअररूम स्वतः बघा. जिथे आधीच्या दात्यांचे नमुने नीट आहेत तिथे तुमचेही राहतील.

सावधान: ‘सगळं घेऊ, काळजी करू नका’ असं एकही प्रश्न न विचारता म्हणणाऱ्या ठिकाणापेक्षा, यादी मागणारं, काही नमुने नको म्हणणारं ठिकाण जास्त भरवशाचं. नको म्हणतायत म्हणजे त्यांनी विचार केलाय.

बोलणं जुळलं की एक साधं पत्र दोन्हीकडून करून ठेवा, कायद्याने बांधणारं नसलं तरी चालेल, पण कुणी, केव्हा, कशाला तत्त्वतः होकार दिला हे त्यात आलं पाहिजे. आणि दुसऱ्या पसंतीची एक संस्थाही आत्ताच हेरून ठेवा, ती पुढे टप्पा ९ मध्ये लागणार आहे.

टप्पा ३: लेबलं आणि कॅटलॉग

आता बसा सविस्तर. नमुन्याची किंमत दगडात असते तेवढीच त्याच्या लेबलात असते. ठिकाण माहीत नसलेला सुंदर नमुना कपाटात शोभतो, पण संशोधनात त्याचं काम जवळजवळ संपलेलं असतं. आणि ही माहिती बऱ्याचदा फक्त तुमच्या डोक्यात असते, ‘हा त्या अमक्याकडून घेतलेला, तो त्या खाणीच्या खालच्या लेव्हलचा’, ती तुमच्यासोबत जाणार. म्हणून आधी डोक्यातलं कागदावर उतरवा, फोटो नंतर.

प्रत्येक नमुन्यासाठी हे हवंच: तुमचा नंबर, खनिजाचं नाव, ते कशावरून ठरवलं (नुसतं बघून, की एक्स-रे डिफ्रॅक्शनसारखी चाचणी करून), ठिकाण जितकं बारीक सांगता येईल तितकं म्हणजे खाण, लेव्हल, जवळचं गाव, जिल्हा, देश, मग कधी आणि कुणाकडून मिळाला, आधी कुणाच्या संग्रहात होता, आणि काही दुरुस्ती, चिकटवणं, तेल लावणं, ॲसिडने साफ करणं झालंय का. दुरुस्ती लपवू नका, ती पुढे कळतेच आणि मग बाकीच्या नोंदींवरही संशय येतो.

जुनी लेबलं कधीही फेकू नका. एका नमुन्याला आधीच्या ३ मालकांची ३ लेबलं असतील तर तीनही ठेवायची, त्यातलं एक चुकीचं असलं तरीही. चुकीच्या लेबलावर खाडाखोड करायची नाही, शेजारी नवं लेबल करायचं आणि त्यावर तारीख टाकायची.

नंबर नमुन्यावरच लिहा, कारण लेबल आणि दगडाची ताटातूट होतेच. पद्धत सोपी आहे. मागच्या बाजूला, क्रिस्टलवर नाही तर मुळाच्या खडकावर, ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ चा छोटा ठिपका द्या, वाळू द्या, त्यावर काळ्या पिग्मेंट शाईने बारीक नंबर, वर पुन्हा एक थर. हा रेझिन म्युझियमवाले वापरतात कारण तो पिवळा पडत नाही आणि ॲसिटोनने काढता येतो. करेक्शन फ्लुइडचा पांढरा ठिपका वर्षांनी टवके होऊन पडतो आणि नंबर त्याच्यासोबत जातो. मऊ, सच्छिद्र किंवा विरघळणाऱ्या खनिजांवर काहीच लिहू नका, त्यांना डबी द्या आणि डबीवर नंबर.

सावधान: ठिकाण माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असंच लिहा, अंदाज लिहायचाच असेल तर ‘अंदाज’ हा शब्द लिहा. ब्रिटिश संग्राहक आर्थर किंग्सबरी यांच्या मृत्यूनंतर त्यांचा संग्रह तपासला गेला तेव्हा त्यांनी बऱ्याच नमुन्यांची ठिकाणं खोटी दिल्याचं उघड झालं, आणि त्याचा परिणाम असा की त्यांच्या खऱ्या नोंदींवरही आता विसंबता येत नाही. तुम्ही खोटं लिहिणार नाही हे मान्य, पण ठासून लिहिलेला अंदाज वाचणाऱ्याला खराच वाटतो आणि शेवटी नुकसान तेच करतो.

कॅटलॉग साध्या स्प्रेडशीटमध्ये ठेवा, एखाद्या बंद पडू शकणाऱ्या ॲपमध्ये नको. एक प्रत छापून, एक प्रत संग्रहापासून दूर दुसऱ्या इमारतीत. जेम्स स्मिथसन, ज्यांच्या मृत्युपत्रातल्या पैशातून अमेरिकेतली स्मिथसोनियन संस्था उभी राहिली, त्यांचा खनिजसंग्रह आणि त्यांचे कागदपत्रं दोन्ही एकाच इमारतीत होते आणि १८६५ च्या आगीत दोन्ही एकदमच गेले.

टप्पा ४: मालकीचे कागद

हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण इथेच विद्यापीठाचं लीगल ऑफिस अडून बसतं. बिलं, पावत्या, जुने ईमेल, खाणीत शिरायची परवानगी, अदलाबदलीच्या चिठ्ठ्या, जे असेल ते नमुन्याच्या नंबराशी जोडा. परदेशातून आलेल्या नमुन्यांकडे जास्त लक्ष द्या. युनेस्कोच्या १९७० च्या करारात सांस्कृतिक मालमत्तेच्या यादीत दुर्मिळ खनिजांचे नमुनेसुद्धा येतात, आणि बऱ्याच देशांत बाहेर न्यायला परवाना लागतो, त्यामुळे १९७० नंतर देश सोडून आलेल्या मालाचा मागचा प्रवास विचारला जातोच. उल्का आणि जीवाश्म मिसळलेले असतील तर त्यांचे नियम आणखी कडक असतात, त्यांची यादी वेगळी करा.

आणि एक, संग्रहातले काही नमुने मित्राने फक्त सांभाळायला दिलेले असतील तर ते आत्ताच परत करा. जे तुमचं नाही ते तुम्ही मृत्युपत्राने देऊ शकत नाही.

टप्पा ५: बिघडणारे आणि धोक्याचे नमुने

सगळे दगड टिकाऊ असतात हा गैरसमज आहे. पायराइट आणि विशेषतः मार्कासाइट दमट हवेत सडतात, सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की वेगाने, आणि त्यातून निघणारं सल्फ्युरिक ॲसिड डबी, लेबल आणि शेजारचे नमुने खाऊन टाकतं. पांढुरकी-पिवळसर पावडर, गंधकाचा वास, जळाल्यासारखं तपकिरी झालेलं लेबल, ही लक्षणं दिसली की तो नमुना लगेच वेगळा करायचा आणि लेबलची आधी कॉपी काढायची. रियलगार उजेडात पिवळा भुगा होतो. प्रूस्टाइट उजेडाने काळवंडतं. कुन्झाइट, काही ॲमेथिस्ट आणि काही फ्लोराइट उन्हात रंग सोडतात. गंधकाचा क्रिस्टल हाताच्या उबेनेसुद्धा तडकतो. हॅलाइट, म्हणजे खनिज मीठ, ७५ टक्क्यांच्या वरच्या आर्द्रतेत पाणी पाणी होतं.

मग लोक काय करतात तर सगळ्या कपाटात ओल शोषणारं सिलिका जेल भरतात आणि निश्चिंत होतात, आणि ही माझ्या मते घरच्या संग्रहातली सगळ्यात नुकसान करणारी सवय आहे, कारण लॉमोन्टाइट, बोरॅक्स, चॅल्कँथाइट यांच्या रचनेतच पाणी असतं, फार कोरड्या हवेत ते पाणी सोडतात आणि पांढरे पडून भुगा होतात. पायराइटला जे औषध तेच लॉमोन्टाइटला विष. म्हणून कोरडं हवं ते एका बंद डब्यात, ओल टिकवायची ते दुसऱ्या बंद डब्यात, अंधार हवा ते तिसऱ्यात. ओकसारख्या लाकडाच्या नव्या कपाटातून ॲसिडची वाफ निघते, शिसं असलेली खनिजं आणि कॅल्साइट त्यात ठेवू नका.

माणसाला धोक्याचे नमुने वेगळ्या यादीत लिहा. युरॅनिनाइट, टॉर्बर्नाइट, ऑट्युनाइटसारखी किरणोत्सारी खनिजं, ज्यांच्यामुळे बंद कपाटात रेडॉन हा किरणोत्सारी वायू साठतो. क्रॉसिडोलाइट, क्रायसोटाइल आणि इतर ॲस्बेस्टस, जे बंद डबीतच राहिलं पाहिजे. पारा, आर्सेनिकची खनिजं. विद्यापीठाला किरणोत्सारी माल घ्यायचा तर त्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि ती वेळ खाते, ऐनवेळी सांगितलंत तर तेवढेच नमुने मागे राहतील आणि घरच्यांच्या गळ्यात पडतील.

तपासा: धोक्याच्या प्रत्येक डबीवर बाहेरून मोठ्या अक्षरात लिहिलंय का? तुमच्या घरच्यांना खनिजं कळत नाहीत असं धरूनच लिहा.

टप्पा ६: तीन गट पाडा

क्युरेटरला शेजारी बसवून संग्रहाचे तीन गट करा. पहिला, कायमच्या संग्रहात जाणारे नमुने. दुसरा, शिकवण्यासाठीचे, जे विद्यार्थी हाताळतील, ओरखडतील, ज्यांच्यावर कडकपणाची चाचणी करतील आणि ज्यातले काही फुटतील. तिसरा, विद्यापीठाला नको असलेले पण बाजारात किंमत असलेले.

तिसरा गट म्हणजे कचरा नाही, त्यातूनच निधीची सुरुवात होऊ शकते. पण इथे एक बारकावा आहे जो फार कमी लोकांना माहीत असतो. एकदा नमुना म्युझियमच्या कायमच्या नोंदवहीत चढला की तो विकणं अवघड होतं. आंतरराष्ट्रीय म्युझियम परिषदेच्या आचारसंहितेप्रमाणे विक्रीवर कडक बंधनं आहेत आणि आलेला पैसा संग्रहाच्याच भल्यासाठी वापरायचा असतो. म्हणून विकायचा माल नोंदवहीत चढूच द्यायचा नाही. एकतर तुमच्या हयातीतच विका, भाव आणि खरा गिऱ्हाईक तुम्हाला जितका कळतो तितका दुसऱ्या कुणाला कळणार नाही, किंवा मग मृत्युपत्रात स्वच्छ लिहा की या यादीतले नमुने विकण्यासाठी दिलेत, नोंदवण्यासाठी नाही, आणि पैसा संग्रहाच्या निधीत जमा करावा.

टप्पा ७: पैसा

आता मुख्य गोष्ट. इथे घाई नको, आणि ‘थोडे पैसेही ठेवतो’ एवढ्यावर तर अजिबात थांबू नका.

७.१ आधी एकदाच होणारा खर्च काढा. पॅकिंग, वाहतूक, नवी कपाटं, सगळ्या नमुन्यांची विद्यापीठाच्या सिस्टममध्ये नोंद करायला लागणारा माणूस. हा आकडा क्युरेटरकडून लेखी घ्या. हे पैसे कायमच्या निधीत टाकू नका, वेगळे ठेवा आणि ‘पूर्ण खर्च करायला मोकळे’ असं लिहा. हा भाग राहिला की काय होतं, निधी मोठा असतो पण त्याचं पहिलं उत्पन्न हातात यायला बराच वेळ लागतो आणि तोवर नमुने खोक्यातच.

७.२ मग वर्षाचा खर्च. सांभाळणाऱ्याच्या पगारातला वाटा, डब्या, आर्द्रता मोजायची यंत्रं, विमा, चाचण्या.

७.३ मग मुद्दल. विद्यापीठांचे कायम निधी साधारण असे चालतात की मुद्दलाला हात लावायचा नाही, दरवर्षी त्याचा ठराविक हिस्सा, बऱ्याच ठिकाणी ४ ते ५ टक्के, खर्चाला द्यायचा आणि वरचं उत्पन्न आतच राहू द्यायचं म्हणजे महागाई झेपते. ४ टक्के धरलेत तर वर्षाच्या खर्चाच्या २५ पट मुद्दल लागतं, ५ टक्के धरलेत तर २० पट. वर्षाला १,००० लागणार असतील, चलन कुठलंही असो, तर २५,००० ठेवा. हा गुणाकार केला की बरेच जण दचकतात, पण आत्ता दचकलेलं बरं. जमत नसेल तर संग्रह लहान करा, निधी लहान करू नका. निधीसकट दिलेले ३०० निवडक नमुने निधीशिवाय दिलेल्या ३,००० पेक्षा जास्त जगतात.

७.४ निश्चित रक्कम की हिस्सा? मृत्युपत्रात आज लिहिलेली रक्कम २० वर्षांनी तीच राहते पण तिची ताकद राहत नाही. महागाई वर्षाला ६ टक्के असली तर साधारण १२ वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते, ४ टक्के असली तर १८ वर्षांत. म्हणून आकड्याऐवजी मालमत्तेचा टक्का लिहायचा विचार करा, किंवा ‘इतके टक्के, पण किमान इतकी रक्कम’ असं. आकडाच लिहायचा असेल तर दर ३-४ वर्षांनी मृत्युपत्र उघडून तो बदला.

७.५ पैसा कशासाठी हे ठरवा. खरेदीसाठी निधी ठेवायला लोकांना आवडतं, आणि तो उपयोगाचा असतोही. स्मिथसोनियनला १९२६ मध्ये फ्रेडरिक कॅनफिल्ड आणि वॉशिंग्टन रोबलिंग या अमेरिकन संग्राहकांचे संग्रह मिळाले ते दोन्ही निधीसकट, कॅनफिल्ड यांचे ५०,००० डॉलर आणि रोबलिंग यांच्या मुलाने दिलेले १,५०,००० डॉलर, आणि त्या निधींमधून पुढे कितीतरी नमुने विकत घेतले गेले. पण ते मोठं म्युझियम, तिथे सांभाळायला माणसं होती. जिथे एकच अर्धवेळ क्युरेटर आहे तिथे फक्त खरेदीचा निधी ठेवलात तर संग्रह वाढत जातो आणि सांभाळणारे हात तेवढेच राहतात. माझं स्पष्ट मत, पहिला हक्क देखभाल आणि माणसाचा, मग विद्यार्थ्यांचं संशोधन आणि चाचण्या, आणि उरलं तर खरेदी.

७.६ विद्यापीठाला हे विचारा: स्वतंत्र नावाच्या निधीसाठी किमान रक्कम किती लागते, निधी सांभाळायचं शुल्क दरवर्षी किती कापता, हिशोब कुणाला आणि कधी मिळेल, आणि हा निधी आला म्हणून विभागाचं आत्ता मिळणारं बजेट कापणार नाही ना. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. नवा निधी आला की जुनं बजेट गुपचूप दुसरीकडे वळतं, आणि संग्रहाच्या हाती शेवटी वाढीव काहीच लागत नाही.

सावधान: ‘भूविज्ञान विभागाला’ असं लिहू नका. विभाग बंद होतात, दुसऱ्यात विलीन होतात, नावं बदलतात. ‘खनिजसंग्रहाच्या देखभाल आणि वापरासाठी’ असं लिहा आणि पुढे हेही, की संग्रह दुसऱ्या संस्थेकडे गेला तर निधी त्याच्यासोबत जाईल. हे एक वाक्य नसलं तर नमुने एकीकडे आणि पैसा दुसरीकडे अशी वेळ येते.

टप्पा ८: अटी कमी, इच्छा वेगळ्या

‘संग्रह कधीही विभागू नये’, ‘कायम प्रदर्शनात ठेवावा’, ‘स्वतंत्र दालन असावं’, या तीन अटी जवळजवळ प्रत्येक दात्याला सुचतात आणि याच तीन अटींमुळे चांगली ठिकाणं देणगी नाकारतात. आज ज्या अटी साध्या वाटतात त्या शंभर वर्षांनी गळ्याचा फास होतात. इंग्रज भूवैज्ञानिक जॉन वुडवर्ड १७२८ मध्ये गेले तेव्हा त्यांनी आपल्या संग्रहाचा भाग आणि व्याख्यात्याच्या वर्षाला १०० पौंड पगाराची सोय केंब्रिज विद्यापीठासाठी ठेवली. योजना इतकी पक्की होती की त्यांच्या संग्रहाची कपाटं आजही केंब्रिजच्याच सेजविक म्युझियममध्ये आहेत. पण त्याच मृत्युपत्रात एक अट अशीही होती की हा व्याख्याता अविवाहितच हवा. पैसा, माणूस आणि संग्रह एकमेकांना बांधायची त्यांची कल्पना तुम्ही जरूर उचला, माणसाच्या खासगी आयुष्यापर्यंत पोचणारी अट नको.

बंधनकारक अटी दोन-तीनच ठेवा: पैसा फक्त संग्रहासाठी, लेबलवर आणि नोंदीत देणाऱ्याचं नाव, संशोधकांना नमुने बघायला मिळावेत. बाकी सगळं एका वेगळ्या पत्रात ‘माझी इच्छा’ म्हणून लिहा. आणि एक सोडवणारं कलम टाकाच, की मूळ उद्देश पाळणं अशक्य झालं तर विद्यापीठाने त्याच्या जवळचा उपयोग ठरवावा. ते नसलं तर प्रत्येक छोट्या बदलासाठी कोर्टात जायची पाळी येऊ शकते.

टप्पा ९: आता वकील आणि मृत्युपत्र

इथपर्यंत आलात की वकिलाचं काम लहान होतं. त्याला न्यायचे कागद: विद्यापीठाचं पत्र, तीन गटांच्या याद्या, निधीचा हिशोब, दोन-तीन अटी.

विद्यापीठाचं कायदेशीर नाव त्यांच्याकडूनच लेखी घ्या, कारण बऱ्याच ठिकाणी निधी विद्यापीठाच्या नावावर नसून वेगळ्या न्यासाच्या नावावर असतो आणि चुकीच्या नावाने महिने जातात. नमुन्यांची यादी मृत्युपत्राच्या मजकुरात टाकू नका, तुमचा संग्रह बदलत राहणार. वेगळ्या यादीचा उल्लेख कसा करायचा ते तुमच्या देशाच्या कायद्याप्रमाणे वकील सांगेल. विद्यापीठाने नाकारलं तर काय, हे नक्की लिहा, तीच ती दुसऱ्या पसंतीची संस्था. आणि मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याला खनिजं कळत नसतील, बहुतेक नसतातच, तर सल्ल्यासाठी एका जाणकाराचं नाव द्या. तो जाणकार डीलर असेल तर त्याने स्वतः काही विकत घ्यायचं नाही असंही लिहा.

वारसांना हे सगळं तुमच्या तोंडून आधी कळू द्या. मृत्युपत्र वाचतानाच पहिल्यांदा कळलं की मग राग येतो आणि भांडण कोर्टात जातं. एखाद्याला आठवण म्हणून एखादा नमुना हवा असेल तर तो आत्ताच हातात द्या आणि यादीतून काढा.

तपासा: मृत्युपत्राची संबंधित पानं विद्यापीठाच्या ऑफिसला सहीआधी दाखवलीत का? ही वाक्यं आम्हाला राबवता येतील असं त्यांनी लेखी म्हटलंय का?

टप्पा १०: घरच्यांसाठी एक पान

कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. त्यावर एवढंच:

१. कपाटांना कुलूप लावा, किल्ली एकाकडेच.
२. काहीही धुऊ नका, पुसू नका, एका डबीतलं दुसऱ्या डबीत टाकू नका.
३. रिकामी वाटणारी डबी आणि फाटकं लेबलही फेकू नका.
४. हात लावण्याआधी प्रत्येक ड्रॉवरचा फोटो.
५. ‘नुसतं बघायला’ आलेल्या कुणालाही एकटं सोडू नका, काही विकू नका.
६. अमुक डब्यांना हात लावायचा नाही (धोक्याची यादी).
७. विमा कंपनीला कळवा, डीह्युमिडिफायरची (हवेतली ओल काढणाऱ्या यंत्राची) वीज बंद करू नका.
८. या नंबरवर क्युरेटरला फोन करा.

धुणं आणि डब्या बदलणं हे दोन घोळ सगळ्यात जास्त होतात, आणि दोन्ही चांगल्या हेतूने होतात. घर नीट करायच्या नादात लेबलं एका पिशवीत आणि दगड दुसऱ्या पिशवीत गेले की मागचं सगळं काम पाण्यात.

टप्पा ११: पॅकिंग आणि ताबा

शक्य असेल तर विद्यापीठाची माणसं येऊनच पॅक करू द्या. नसेल तर ड्रॉवरच्या क्रमाने, एका खोक्यात एकाच ड्रॉवरचा माल, खोक्यावर नंबर, आत यादी. लेबल छोट्या झिप पिशवीत घालून नमुन्यासोबतच, सुटं नाही. जड खाली, हलके वर, आणि खोकं एका माणसाला उचलता येईल एवढंच भरा. सुईसारख्या किंवा केसासारख्या क्रिस्टलवर कापूस कधीच नको, तंतू अडकतात आणि काढताना क्रिस्टल तुटतात. असे नमुने डबीच्या तळाला मुळापासून पक्के बसवायचे, वर कशाचाही स्पर्श नको. किरणोत्सारी आणि ॲस्बेस्टसचा माल साध्या कुरिअरने पाठवू नका, विद्यापीठाचा सुरक्षा अधिकारी सांगेल तसाच.

निघताना आणि पोचल्यावर दोन्हीकडे यादी टिकमार्क करून सही, आणि मालकी नेमकी कुठल्या तारखेला बदलली हे लेखी, कारण मधल्या प्रवासात काही झालं तर विमा कुणाचा हा प्रश्न येतो.

ताबा झाल्यावर पहिल्या वर्षात अंमलबजावणी करणाऱ्याने विद्यापीठाकडून तीन कागद मागून घ्यावेत: तुमचे जुने नंबर आणि त्यांचे नवे नंबर यांचा मेळ घालणारी यादी, निधी नक्की कुठल्या खात्यात, कुठल्या उद्देशाने नोंदला त्याचं पत्र, आणि विकायच्या गटातून किती आले त्याचा हिशोब. जुन्या आणि नव्या नंबरांची यादी मिळाली की तिची एक प्रत तुमच्या कॅटलॉगच्या दुसऱ्या प्रतीला जोडून ठेवायची, म्हणजे तुमच्या नंबराने कुठे लेखात उल्लेख झालेला नमुना पुढच्या संशोधकाला ड्रॉवरपर्यंत शोधता येतो.